एचआयव्हीच्या गोळ्यांनी माणूस लवकर म्हातारा होतो, हे माश्यांवरच्या प्रयोगांतून सिद्ध झालंय का?

तुम्ही लिहिलंय की तुमचे मामा २००८ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवरणाऱ्या, गोळ्या घेतात, त्यांचे गाल बसलेत, आणि माश्यांवरच्या प्रयोगांची बातमी ऐकल्यापासून ते गोळ्या सोडायच्या गोष्टी करतायत. कृपा करून त्यांना गोळ्या सोडू देऊ नका. का, ते सांगते.

मी रत्नागिरीत प्राणिशास्त्र शिकवते आणि या माश्या पाळते. ड्रोसोफिला म्हणतात त्यांना. आंबा बागायतदारांना छळणारी फळमाशी ती वेगळी. फुटलेल्या फणसावर, कुजलेल्या बोंडांवर चिलटं जमतात ना, त्यांच्या कुळातली ही. २५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात आणि ती दोन-अडीच महिने जगते, त्यामुळे अख्खं म्हातारपण एका सत्रात पाहून होतं. नळी टेबलावर आपटली की तरुण माश्या सरसर वर चढतात, म्हाताऱ्या तळाशीच रेंगाळतात. किती जणी ठरलेल्या वेळात खुणेच्या वर गेल्या, ते मोजायचं.

माशीला एचआयव्ही होत नाही. मग तिच्यावरून काय कळणार, असं तुम्ही विचारलंय. मला मात्र तीच मोठी सोय वाटते. माणसात विषाणू, त्याने आत धुमसत ठेवलेला दाह, वय, तंबाखू आणि औषध यांचा गुंता झालेला असतो. माशीत विषाणूच नाही, त्यामुळे खाद्यात औषध मिसळल्यावर जे बिघडतं त्यात विषाणूचा हात नसतो.

आणि काही औषधांनी बिघडतं, हे खरं आहे. १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं झिडोव्हुडिन आणि नंतरचं स्टॅव्हुडिन विषाणूला त्याच्या आरएनएवरून डीएनए बनवू देत नाहीत. पण आपल्या पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए उतरवणारं पॉलिमरेज गॅमा हे एन्झाइमही त्यांच्या तावडीत सापडतं आणि पेशीची ऊर्जा कमी पडू लागते. हे एन्झाइम माशीतही आहे. स्टॅव्हुडिनने कित्येकांच्या गालांची, हातापायांची चरबी गेली, तळपाय बधिर झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितलं. मामांनी सुरुवात केली तेव्हा आपल्याकडे ते सर्रास दिलं जायचं. बसलेले गाल त्याचीच खूण असू शकतात.

पण ‘सिद्ध झालं’ म्हणायला फार काही सांभाळावं लागतं. औषध कडू लागलं तर माशी कमी खाते, आणि कमी खाल्ल्यानेच तिचं आयुष्य वाढू शकतं. म्हणून खाद्यात रंग घालून पोटात किती गेलं ते तपासतात. आमच्याकडे मे महिन्याचा उकाडा आणि पावसाळ्यात जाणारी वीज यांची भर. ३० अंशांच्या आसपास नर वांझ होतात, आयुष्यही घटतं. माश्यांना ठरावीक तापमानात ठेवणारा इनक्युबेटर बंद पडला की मोजलं जातं ते हवामान, औषध नव्हे. शिवाय उलट निष्कर्षही आहेत. लॅमिव्हुडिन बहुधा मामांच्या आजच्या गोळीतही असेल. काही विशिष्ट जनुकदोष असलेल्या माश्यांना ते दिल्यावर त्यांचं आयुष्य वाढलेलं दिसलं, कारण वयानुसार जागे होऊन जनुकसंचात इकडेतिकडे घुसणारे डीएनएचे तुकडे त्याने आवरले गेले.

माणसांचं उत्तर माणसांच्याच अभ्यासात आहे. ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीत ५,४७२ जण होते. काहींचं उपचार सलग चालू, काहींना मधूनमधून विश्रांती. निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. विश्रांती घेणाऱ्यांत मृत्यू जास्त, आणि हृदय, मूत्रपिंड, यकृताचे गंभीर आजारही जास्त. ज्या झिजेची मामांना भीती वाटते, ती गोळ्या थांबवल्यावर वाढली.

पुढच्या खेपेला एआरटी केंद्रात जाताना त्यांच्या उपचारांच्या नोंदींचं पुस्तक घेऊन तुम्हीही सोबत जा. कोणत्या वर्षी कोणतं औषध होतं ते विचारा. सध्या टेनोफोव्हिर असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते यावरून कळतं) शेवटचं कधी तपासलं ते पाहा, कारण टेनोफोव्हिरचा त्रास मूत्रपिंडाला आणि हाडांना होऊ शकतो. पायांची बधिरता असेल तर मामा स्वतःहून बोलणार नाहीत. ती तुम्हीच डॉक्टरांच्या कानावर घाला.