जादा शिफ्ट आधी बंद कर

पत्र आलं आहे इंग्लंडहून. ओळख पटणार नाही अशा बेताने त्यातला थोडा भाग देते.

"ताई, मी इंदूरची, रामबागेत वाढले. नर्सिंगही इंदूरलाच केलं. आता इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत माझं तिसरं वर्ष चालू आहे. गेल्या महिन्यात नाइटला कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर असलेल्या एका आजोबांनी दोनदा पाणी मागितलं. मी 'आणते हं' म्हणाले आणि गेले ती गेलेच. पहाटे आठवलं तेव्हा वाईट वाटायच्या ऐवजी त्यांचाच राग आला. सकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले, चावी फिरवायचंही सुचेना. घरी गेल्यावर मुलीने मिठी मारली तर अंगावर काटा आला. आई-बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांच्या नव्या फ्लॅटचा हप्ता माझ्या जादा बँक शिफ्टवर, म्हणजे करारापलीकडे हॉस्पिटलच्या राखीव यादीतून मिळणाऱ्या पाळ्यांवर, जातो. नोकरी सोडावी म्हटलं तर व्हिसा नोकरीवर. मी वाईट नर्स झाले आहे का?"

नाही गं. वाईट नर्सला ते आजोबा महिनाभराने आठवले नसते.

तुला जो राग आला तो तुझा स्वभाव नव्हे, लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे. हे वर्गीकरण 2022 पासून लागू झालं. त्यात बर्नआउटला रोग म्हटलेलं नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं आहे. खुणा तीन: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मन उठणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत. पहिली आपण पटकन ओळखतो, 'दमलेय' म्हणतो आणि चहा घेतो. दुसरीची लाज वाटते म्हणून ती कुणी बोलून दाखवत नाही. तू लिहून पाठवलीस, याचं मला फार बरं वाटलं.

शिवाय कॉरिडॉरमधली ट्रॉली तू लावलेली नाहीस. इंग्लंडमध्ये इमर्जन्सीत आलेल्यांपैकी 95 टक्के रुग्णांना चार तासांच्या आत दाखल करावं, दुसरीकडे पाठवावं किंवा घरी सोडावं, असं उद्दिष्ट आहे, आणि 2015 नंतर ते देशपातळीवर एकदाही गाठलं गेलेलं नाही. वरच्या वॉर्डात खाट रिकामी होत नाही म्हणून खाली माणसं साचतात, आणि त्यांचे प्रश्न, ओरडणं, नातेवाइकांचे टोमणे समोर उभी असलेली नर्स झेलते. दोन हातांनी होणार नाही एवढं काम पुढ्यात असताना राहून गेलेल्या पाण्याचा अपराध एकटीच्या माथी घेऊ नकोस.

आता मुद्द्याचं. नोकरी सोडायची की नाही हे आज ठरवू नकोस, नाइट संपवून आल्यावर तर मुळीच नाही. आज एवढंच ठरव की जादा शिफ्ट बंद. तुझी करारातली पूर्ण वेळ नोकरी आठवड्याला साडेसदतीस तासांची आहे. त्यावर बँक शिफ्ट घेत गेलीस म्हणजे शरीराला सावरायला जे दिवस मिळायला हवेत, नेमके तेच विकले गेले. आठवड्याला सरासरी 48 तास कामाच्या कायदेशीर मर्यादेतून बाहेर राहण्याच्या कागदावर सही केली असशील तर ती परत घेता येते. सहसा सात दिवसांची नोटीस पुरते, काही करारांत जास्तीत जास्त तीन महिने. वॉर्डाच्या ग्रुपवर 'आज कुणी येऊ शकेल का' असा मेसेज पडला की तुझा हात आपोआप उठतो, हे मला लिहिल्याशिवाय कळतंय. तो ग्रुप म्यूट कर.

पण जादा शिफ्ट बंद म्हणजे हप्त्याचं काय, आणि खरी गाठ इथेच आहे. या सदराला परदेशातून पत्रं येतात त्यांत हे फार दिसतं: मुलगी तिकडे मोडत असते आणि इकडे सोसायटीत तिच्या नावाने पेढे वाटले जात असतात. आई-वडील लोभी असतात असं नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून घरी खरं सांगणं हा तुझ्या उपचाराचाच भाग धर. नवऱ्याला शेजारी बसव आणि व्हिडिओ कॉल कर. फार लांबण लावू नकोस. "आई, मी आजारी पडायच्या बेतात आहे. जादा ड्यूटी बंद करतेय. पुढच्या महिन्यापासून हप्त्याला इतकेच पैसे पाठवू शकेन," एवढं पुरे. आकडा ठरवूनच फोन कर, नाहीतर बोलता बोलता तूच वाढवशील. बाबांना बँकेत पाठव: कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करून घेता येतो का ते विचारू दे. व्याज एकूण जास्त जाईल, जाऊ दे.

इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या मुलीला अहिल्याबाईंची गोष्ट सांगावी लागत नाही. 1754 मध्ये पती गेले, 1766 मध्ये सासरे, पुढच्याच वर्षी मुलगा, आणि तरी त्यांनी राज्य सांभाळलं. सगळं गिळून उभं राहायचं, हाच धडा आपण त्यातून मुलींना देत आलो. गोष्टीतला दुसरा अर्धा भाग मात्र कुणी सांगत नाही: फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजीराव होळकरांकडे दिली होती. एवढी कर्तबगार बाई, तरी सगळं एकटीच्या अंगावर घेतलं नव्हतं.

तुझ्या आई-बाबांसाठीही इथेच चार ओळी लिहिते, त्यांना वाचून दाखव. काकू, दुपारची जेवणं आटोपून तुम्ही निवांत फोन घेऊन बसता, तेव्हा इंदूरला दोन-अडीच वाजलेले असतात. हिवाळ्यात तिकडे तेव्हा साडेआठ-नऊ. रात्रभर उभी राहिलेली तुमची मुलगी त्याच वेळी घरी पोचून अंथरुणाला पाठ टेकत असते. ती फोन उचलते, हसून बोलते, आणि मग तिची झोप उडते ती उडतेच. नाइटच्या दिवसांत रात्रीचं जेवण झाल्यावर, साडेनऊच्या सुमारास बोला. तिकडे दुपारचे चार वाजलेले असतात आणि ती उठलेली असते. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा आपल्याकडे साडेआठ. आणि 'कुणाकुणाची मुलं तिकडे काय काय करतात' हा विषय काही महिने काढू नका. जेवलीस का, झोपलीस का, एवढंच विचारा.

परत तुझ्याकडे वळते. तुझ्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, जा. आजारपणाची रजा पहिले सात दिवस स्वतःच्या सहीवर मिळते, त्यापुढे फिट नोट, म्हणजे डॉक्टरी दाखला, लागते. त्या कागदावर नुसतं 'कामाला अयोग्य' एवढंच लिहितात असं नाही. हळूहळू तास वाढवत परत येणं, बदललेल्या वेळा, वेगळं काम, असंही त्यावर सुचवता येतं. तसं मागून घे. तू एनएचएसच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, नेहमीच्या करारावर असशील तर सेवेच्या तिसऱ्या वर्षात चार महिने पूर्ण पगारी आणि चार महिने अर्ध्या पगाराची आजारपणाची सोय आहे. आजारी रजा घेतली म्हणून व्हिसा जात नाही; विनापगारी गैरहजेरीला चार आठवड्यांची मर्यादा असते, पण आजारपण त्यातून वगळलेलं आहे. डॉक्टरांकडे ताणाबद्दल बोललीस म्हणून नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही जात नाही. तुझ्यासारख्या कितीतरी जणी या दोन भीतींपायी दवाखान्याची पायरी चढत नाहीत, म्हणून इतकं फोडून लिहिलं.

मॅनेजरशी तोंडी बोललीस तरी नंतर ईमेल कर, आणि ऑक्युपेशनल हेल्थकडे, म्हणजे कर्मचाऱ्यांची तब्येत पाहणाऱ्या विभागाकडे, पाठवायला सांग. वॉर्डात प्रोफेशनल नर्स ॲडव्होकेट कोण आहे ते विचार. 2021 पासून इंग्लंडमध्ये या नर्सेसना मुद्दाम तयार केलं जातं. त्या आजोबांसारखी गोष्ट जिच्यापाशी मोकळेपणाने बोलता येते आणि जी तुझी परीक्षा घेत नाही, अशी ती व्यक्ती. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या नर्सेसच्या संघटनेची सभासद असशील तर त्यांची समुपदेशन सेवा आहे. नवऱ्याशी जरूर बोल, पण ट्रॉलीवरचा वास ज्याला माहीत नाही त्याच्याकडून सगळं समजून घेण्याची अपेक्षा ठेवू नकोस. त्याच्याकडून वेगळी मदत घे: नाइटच्या दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडणं-आणणं त्याचं, आणि पार्किंगमध्ये पुन्हा तसं झालं तर न्यायला येणंही त्याचंच. त्या अवस्थेत गाडी चालवू नकोस. बस, टॅक्सी, काहीही चालेल.

एक गोष्ट बारकाईने बघ. सुट्टीवर असतानाही कशात मन लागत नसेल, जेवणाची चव गेली असेल, पहाटे तीनला जाग येऊन डोळा लागत नसेल, किंवा आपण नसलो तर बरं असा विचार एकदा जरी डोकावला असेल, तर याला बर्नआउट म्हणून थांबू नकोस. डिप्रेशन असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. त्याच दिवशी तिकडच्या आरोग्य हेल्पलाइनला, 111 ला, फोन लावून 2 दाब, किंवा समॅरिटन्स या हेल्पलाइनच्या 116 123 वर बोल. आई-बाबा काळजीने हैराण झाले तर त्यांच्यासाठी भारतात टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416.

आणि एवढं करूनही इमर्जन्सी नकोशीच वाटली तर? तर बदल. त्याच हॉस्पिटलमध्ये, त्याच प्रकारच्या पदावर दुसऱ्या विभागात गेलीस तर सहसा नवा व्हिसा लागत नाही. मालक बदलला तर मात्र नवी स्पॉन्सरशिप आणि नवा अर्ज लागतो, आणि तो मंजूर होण्याआधी नवं काम सुरू करता येत नाही. म्हणून आधी आतल्या आत चौकशी कर: ओपीडी, डे सर्जरी, एंडोस्कोपी, जिथे नाइट कमी आहेत तिथे. एचआरकडून उत्तर लेखी घे. बँक शिफ्ट बंद झाल्यावर सहा-आठ आठवडे जाऊ दे, मगच विभाग बदलण्याचा अर्ज भर, म्हणजे निर्णय झोप झालेल्या डोक्याने होईल.