आधी वावर, मग कॅमेरा

राळेगाव तालुक्यातून लिहिणाऱ्या मित्रा,

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही चौघांनी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्यात, कॅमेरा बसवला. तो पतंग मोजतो आणि आकडा मोबाईलवर पाठवतो. प्रदर्शनात परीक्षकांनी "याचा फायदा काय?" विचारलं, तर तुम्ही पुन्हा रिझोल्युशनच सांगत बसलात. बक्षीस "गोड बोलणाऱ्यांना" गेलं, आणि "आम्ही इंजिनीअर, गोष्टी सांगणं आमचं काम नाही," असं तू रागानं लिहिलं आहेस.

राग समजतो, पण परीक्षकांचा प्रश्न रास्त होता.

शेतकऱ्याला पतंग मोजायची हौस नसते. "आज फवारा मारू का थांबू?" एवढंच त्याला ठरवायचं असतं. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ नर पतंग आले तर उपाय करा, अशी शिफारस आहे. त्यासाठी रोज सकाळी वावरात जाऊन सापळ्याची पिशवी सोडायची, मेलेले पतंग मोजायचे. सोयाबीन सोंगणीच्या धांदलीत एक सकाळ हुकली की हिशेब मोडला. मग शेजाऱ्यानं मारला म्हणून आपणही फवारा मारतो. 2017 साली याच बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी (कपाशी) पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं दगावली. नको तेव्हा मारलेला फवारा किती महाग पडतो, हे तुला मी काय सांगू! तिथून सुरुवात करा. मग रिझोल्युशन परीक्षक स्वतःच विचारतील.

मात्र "फवारे निम्मे झाले" असं मोजलं नसेल तर बोलू नका. हातानं मोजलेला आकडा आणि कॅमेऱ्याचा आकडा शेजारी ठेवा. दवानं काच धुरकटून मोजणी चुकत असेल तर तेही सांगा. उद्या नोकरीच्या मुलाखतीत समोर बसलेले इंजिनीअर त्यावरच जास्त रमतात. आणि तिथे नुसतं "आम्ही केलं" चालत नाही, तुझ्या हातचं काम कोणतं ते वेगळं काढून ठेव.

इंग्रजीची धास्ती नंतर घे. आधी बाबांना वऱ्हाडीत सांग. ते "मंग?" म्हणाले तर पुढे जा, नुसतं "हो हो" म्हणत मोबाईल बघायला लागले तर तिथली वाक्यं गाळ. उरेल ते सात-आठ वाक्यांत इंग्रजीत लिही.

चौघांपैकी कोणाला यात गोडी वाटली, तर त्याला टेक्निकल रायटर (यंत्र-सॉफ्टवेअरची माहिती सोप्या भाषेत लिहिणारा), प्री-सेल्स इंजिनीअर (विक्रीआधी ग्राहकाला वस्तू समजावून देणारा) अशा जागांच्या जाहिरातीही बघायला सांग. इंजिनीअरिंगची पदवी तिथेही चालते.