छत नव्हे, छत्र!

खानापूरकडच्या एका गुरुजींनी विचारलंय : 'पिकाच्या किंवा रानाच्या कॅनपीला, म्हणजे वर पसरलेल्या पानांच्या थरांना, मराठीत काय म्हणावं? मी मुलांना छत सांगतो. चालेल का?'

नाही चालणार, गुरुजी. हे 'जंगलाचं छत' हल्ली जो उठतो तो म्हणतो. छत ऊन अडवतं. पानं ते पितात, उरलेलं खाली सोडतात आणि प्यालेल्याची साखर करतात. १९५३ साली मोन्सी आणि साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पानांच्या दर थराला उजेड ठरावीक पटीनं घटतो : वरच्यानं निम्मा घेतला तर पुढचा उरलेल्याच्या निम्मा घेणार. आपल्याकडच्या रताळ्याची पानं आडवी, ती वरच बरंचसं ऊन संपवतात. उसाची पाती उभट, म्हणून ऊन फडात खोल उतरतं. तरी तळाला टंचाई असतेच. वाढे हिरवेगार आणि खाली पाचट, त्यात वयाबरोबर सावलीचाही हात.

'वितान' (देवळाचं कोरीव छत) सुचवणाऱ्या पंडितांनी बेळगावच्या किल्ल्यात जाऊन १२०४ सालच्या कमल बस्ती या जैन मंदिरात मान वर करावी. वितान ते! दगडी कमळ देखणं आहे, पण त्यातून उन्हाची तिरीप येईल का?

छत्र घ्या. धातू छद्, झाकणे. आणि गंमत अशी की संस्कृतात 'छद' म्हणजेच पान! आपल्या सातवीणीचं संस्कृत नाव सप्तच्छद, सात पानांची. म्हणजे छत्रात पान आधीपासूनच दडलेलं आहे. (गुरूचे दोष झाकतो तो छात्र, हीही जुनी व्युत्पत्ती इथलीच. वर्गात सांगू नका.) छतही त्याच कुळातलं, असं कोणी म्हणेल. असू दे. भाऊबंद झाले म्हणून उतारा एकाच्या नावचा होत नाही.

मग हे छत्र अन्न शिजवतं, तर त्याला अन्नछत्रच का म्हणू नये? मला फार मोह होतो. पण ते छत्र मुळात 'सत्र', यज्ञाचं आणि अन्नदानाचं. कन्नडात धर्मशाळेला छत्र म्हणतात तेही सत्रच. अन्नछत्रात भुकेल्यांवर छत्री धरणारे कीर्तनी व्युत्पत्तिकार मला अजिबात पटत नाहीत. सत्राचा छत्र झाला तो निव्वळ उच्चारानं, छत्रीचा तिथे काडीचा संबंध नाही.

हां, तुमचा प्रश्न. 'पर्णछत्र' म्हणा. शेतकऱ्याशी बोलताना नुसतं 'झाडोरा' म्हटलंत तरी भागेल.