कालचा मान्ना

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझी एक ओळ मी तीनदा वाचली. "काका, रविवारी गायनमंडळात उभी राहते, शब्बाथ शाळेत मुलांकडून सुवर्णवचनं पाठ करून घेते, आणि आत काहीच हलत नाही. ढोंगी झाले का मी?"

त्याचा निवाडा मी करणार नाही. एवढंच विचारतो, आज सकाळी प्रभूशी काय बोललीस? दोन वर्षांपूर्वी शिबिरात तू रडली होतीस, ते ठाऊक आहे मला. मी आजचं विचारतोय.

बायबलातल्या निर्गमचा १६ वा अध्याय तू मुलांना शिकवतेस. मान्ना, म्हणजे अरण्यात इस्राएली लोकांना देवाने आकाशातून दिलेलं अन्न. माणशी एक ओमर, एवढंच माप, रोज सकाळी वेचायचा. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. तो मान्ना खोटा नव्हता गं, देवानेच दिला होता. पण कालचा होता. तुझं शिबिर खरंच होतं, आणि तू अजून तेच खातेयस.

मी बावीस वर्षं मंडळीचा खजिनदार होतो. उपदेश चालू असायचा आणि माझं लक्ष अर्पणाच्या थैल्यांवर. त्या वर्षांत चर्चचे पत्रे बदलले, पाळकसाहेबांचा पगार एक महिनाही थकला नाही. ते काम वाया गेलं असं मी आजही म्हणणार नाही, कुणीतरी ते करायलाच हवं होतं. पण त्या कामाच्या आड मी लपलो, हेही खरं.

तुझी काकू शेवटच्या आजारात होती. रात्री दोनच्या सुमारास म्हणाली, "प्रार्थना करा." मी तिचा हात धरून "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं. आमेन झाल्यावर म्हणाली, "ही मलाही येते. तुमची करा." सलाईनची नळी तिच्या मनगटाशी चिकटपट्टीने लावली होती, त्या नळीकडे मी बघत राहिलो. एक शब्द सुचला नाही. शेवटी तिनेच प्रार्थना केली, माझ्यासाठी. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" हे मी त्याच रात्री म्हटलं होतं, आणि त्यातला 'आज' जन्मभर नुसता ओलांडत आलो होतो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला आठ वर्षं गेली. मधल्या काळात शारदा सदन, त्यांची विधवांसाठीची शाळा, उभं राहिलं होतं. कामात खोट नव्हती, तरी बाईंनी कामाची ढाल पुढे केली नाही. मी केली.

उपासना रटाळ होते, पाळक तेच तेच बोलतात, हे सगळं तू लिहिलंस. असेल. मीही तेच म्हणत होतो. दुसऱ्या मंडळीत जायचंय तर जा, पण तिथली गिटारही सहा महिन्यांत कालची होईल. आजचं आजच वेचावं लागतं, पोरी, कुठेही गेलीस तरी.

मोबाइलला हात लावण्याआधी एक स्तोत्र मोठ्याने वाच. ८८ वं घे. त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, तरी तो माणूस देवाशीच बोलत राहतो. मग तुझ्या शब्दांत दोन वाक्यं बोल. कंटाळा आलाय तर तसं सांग. राग आला असेल तर राग सांग. पाठ केलेलं नको. भावना दाटून येण्याची वाट तर मुळीच बघू नकोस, मी तीच बघत बसलो.

मी पहाटे साडेपाचला तुझ्या काकूच्या खुर्चीत बसतो. कधी कधी चार शब्दांपलीकडे काही निघत नाही. आज त्यात तुझं नाव होतं.

मला उत्तर लिहायची घाई नाही. उद्या उठलीस की आधी त्याच्याशी बोल.

तुझा,
काका