ज्युरी कोर्टातली का?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा): रानडुकरं सोयाबीनमध्ये घुसतात म्हणून आम्ही धुऱ्याने जुन्या साड्या बांधल्या, अन् सायकलच्या चाकाचा डवरा (पिकाच्या ओळीतलं तण काढायचं अवजार) गावातच वेल्डिंग करून घेतला. पुण्याला शिकणारा पुतण्या म्हणते, काका हे तर जुगाड, इंग्रजीत याले ज्युरी-रिग म्हणते. हे शब्द आले कुठून? ज्युरी म्हणजे कोर्टातली का?

उत्तर: नाही भाऊ, हा शब्द जहाजावरचा आहे. वादळात डोलकाठी मोडली की हाताशी जे लाकूड सापडेल ते उभं करायचं, त्याला शीड बांधायचं अन् कसंबसं बंदर गाठायचं, त्या कामचलाऊ डोलकाठीला इंग्रज खलाशी सतराव्या शतकापासून ज्युरी मास्ट म्हणत आलेत, त्यावरून ज्युरी-रिग.

जुगाड आलं हिंदीतून. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे आपल्याला असे शब्द उसने वाटतच नाहीत. संस्कृत युक्तीचं हिंदीत जुगत झालं अन् जुगाडही त्याच घरातलं धरतात. मूळ धातू युज्, म्हणजे जोडणे, बैलाच्या मानेवरचं जू पण त्यातलंच. उत्तरेकडे तर जुगाड नावाची गाडीच असते, पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन गाड्यावर बसवलं की झाली तयार, नंबर नाही इन्शुरन्स नाही, शेवटी 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे पण मोटर वाहनच आहे, कायदा लागू होतो. (कोर्ट आलंच शेवटी, पण दुसऱ्याच शब्दापायी.)

आता माझं मत. तुमच्या डवऱ्याला जुगाड म्हणू नका. आपल्याकडे स्टार्टरमध्ये काडी खोचून मोटर चालू ठेवली तरी जुगाड, अन् ओळख लावून पोराला कुठं चिकटवलं तरी "जुगाड लागलं ना बाप्पा!" त्यापेक्षा हिकमत म्हणा. हा शब्द मूळ अरबी, तिकडे अर्थ शहाणपण, आपल्याकडे येऊन तो हातच्या कसबाला चिकटला. शक्कल पण अरबीच, तिथे नुसतं रूप, आकार, लढवायला लागलो ते आपण.

म्हणजे साड्या ही शक्कल अन् डवरा ही हिकमत. पुतण्याला ज्युरी-रिग म्हणायचंच असेल तर साड्यांना म्हणू द्या, त्या हंगामापुरत्या आहेत, डवऱ्याचं वेल्डिंग पक्कं आहे.