वाचक विचारतात : जुन्या गाड्यांचा ताफा घाट चढताना

प्रश्न : हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या क्लबचा ताफा आमच्या खोपोलीतून पुण्याकडे जातो. मुलांना दाखवायला न्यायचं आहे. उभं कुठं राहावं?

उत्तर : गावातल्या चौकात नको. तिथं रिक्षा आणि टेम्पोंच्या गर्दीत गाडी धड दिसत नाही. जुन्या रस्त्यानं शिंग्रोबाच्या देवळाकडे चढ सुरू होतो तिथं जा. चढावर वेग वीस-पंचवीसवर येतो, ड्रायव्हर गिअर उतरवतो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. खरी मजा त्यात आहे. ॲम्बेसेडर किंवा फियाट आली की ड्रायव्हरच्या डाव्या हाताकडे बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांचा गिअर खाली जमिनीवर नसतो, स्टिअरिंगच्या दांड्याला असतो.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला मात्र उभं राहू नका. उतारावरून येणाऱ्या गाडीला ब्रेक कमी पडले तर ती तिकडेच जाते. यातल्या अनेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. सतत दाबले की ते तापतात आणि पकड सोडतात. काही गाड्यांना इंडिकेटरही नसतात. उजवा हात सरळ बाहेर आला तर गाडी उजवीकडे वळणार, बाहेर काढलेला हात गोल फिरला तर डावीकडे, आणि हात वर-खाली झाला तर वेग कमी होणार. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

प्रश्न : घाटात दोन-तीन गाड्या बॉनेट उघडून थांबलेल्या असतातच. आम्ही पाण्याची कळशी घेऊन गेलो तर लोक घाईनं ‘थांबा, थांबा’ म्हणतात. मदत नको असते का?

उत्तर : हवी असते, पण लगेच नाही. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरात इंजिन जोरात फिरतं, गाडी मात्र हळू चालते. त्यामुळे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. पंख्याचा बेल्ट सैल असेल किंवा रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साठले असतील तर पाणी उकळतं. झाकणाखाली ते दाबात असतं. शिट्टी न काढता कुकर उघडावा तसा प्रकार होतो. हात आणि तोंड भाजतं.

म्हणून अर्धा तास तरी थांबायचं. रेडिएटर हाताला सोसेल इतका निवल्यावर जाड कापड धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवायचं, वाफ जाऊ द्यायची, मग काढायचं. इंजिन सुरू ठेवून पाणी बारीक धारेनं घालायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो, आणि जुन्या गाडीचं हेड आज दुकानात सहज मिळत नाही. इंजिनावर बाहेरून पाणी मारणं तर अजिबात नको. बोअरवेलचं जड पाणी टाळा, त्यानंच क्षार साठतात. आरओचं पाणी चालेल.

प्रश्न : एक गाडी गरम नव्हती, पेट्रोलही होतं, तरी सुरू होईना. ड्रायव्हरनं इंजिनाच्या बाजूला ओलं फडकं गुंडाळलं आणि पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली. हे काय?

उत्तर : फडकं गाडीतल्याच पेट्रोल पंपावर असणार. मेकॅनिक त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. तो इंजिनालाच बसवलेला असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. पेट्रोलचे हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांपासून उकळू लागतात, त्यात ओढणाऱ्या बाजूला दाब कमी असतो, म्हणून ते आणखी लवकर उकळतात. नळीत वाफ झाली की पंप नुसती वाफच ढकलत बसतो आणि पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बुरेटर कोरडा पडतो. तापमानाचा काटा ‘गरम’ दाखवत नसला तरी हे होतं. थांबल्यावर वारा बंद पडतो आणि बॉनेटखालची उष्णता वाढतच जाते. फडक्यानं पंप निवतो, वाफेचं परत पेट्रोल होतं.

जाता जाता : इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या खातं, त्यातून गळती होते. उघड्या बॉनेटजवळ विडी-सिगारेट नको.

प्रश्न : काही गाड्यांच्या नंबरात ‘व्हीए’ का असतं?

उत्तर : केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या ‘व्हिंटेज’ गाडीला नंबरांची ही मालिका मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच परवानगी असते. व्हीए नसलेली गाडी मात्र नवी समजू नका. जुन्याच नंबरावर चालणाऱ्या भरपूर आहेत, आणि एमएचऐवजी तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी जुनी पाटी दिसली तर फोटो आधी तिचा काढा.