केस वाढवताना कात्री का आठवते?

‘केस वाढवायला घेतलेत, पण शेंडे इतके वर-खाली दिसतात की धीरच राहत नाही. कापून टाकू का?’ असा प्रश्न घेऊन कुणी समुपदेशकाकडे येत असेल, असं बहुतेकांना वाटत नाही. पण येतात. सहसा सांगायला वेगळंच कारण असतं: झोप लागत नाही, चिडचिड होते, बाहेर जावंसं वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत केसांचा विषय निघतो, तोही अवघडत. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी तुमचा वेळ घेतेय’ असं म्हणत. बाळंतपणानंतर केस गेलेल्या बायका येतात, मोठ्या आजारातून उठलेल्या येतात, हल्ली केस राखणारे तरुण मुलगेही येतात. रोज आरशात दिसणारी, रोज मन खाणारी गोष्ट मला एवढीशी वाटत नाही.

श्वेताची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

श्वेता अकोल्यात एका शाळेत शिकवते, वय तिशीच्या आसपास. २०२२ च्या पावसाळ्याच्या शेवटी तिला डेंग्यू झाला. त्यातून बरी झाली, आणि दोन-अडीच महिन्यांनी केस पुंजक्यापुंजक्याने गळायला लागले. उशीवर, ओढणीवर, न्हाणीघराच्या जाळीवर केसच केस. मोठ्या तापानंतर हे पुष्कळांना होतं. शरीरावर ताण आला की एरवी वाढीच्या अवस्थेत असलेले बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून ताप विसरल्यावर गळती सुरू होते आणि माणूस आणखीच गोंधळतो. श्वेताने घाबरून कमरेपर्यंतचा शेपटा खांद्यापर्यंत कापला, त्यातही पार्लरवालीच्या सांगण्यावरून स्टेप कट केला. गळती पुढे थांबली. त्वचारोगतज्ज्ञांनी रक्त तपासलं, लोह कमी निघालं, गोळ्या झाल्या, नंतरचा रिपोर्ट चांगला आला. आता केस परत वाढवायचे, असं तिने ठरवलं.

माझ्याकडे आली २०२५ च्या फेब्रुवारीत. म्हणजे कापून दोन वर्षं झाली होती आणि केस अजून खांद्यावरच रेंगाळत होते. शेजारच्या शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळत असल्याच्या बातम्या नुकत्याच येऊन गेल्या होत्या, त्यामुळे तिची भीती दुणावली होती. ‘मॅडम, माझे केस वाढणंच थांबलंय,’ ती म्हणाली. ‘आणि जे आहेत त्यांचे शेंडे बघा ना. एक बाजू वर, एक खाली. आठवीतल्या मुलीने भर वर्गात विचारलं, मॅडम, तुमचे केस खालून असे का?’

डॉक्टरांनी डोक्याची त्वचा आणि रक्त दोन्ही ठीक असल्याचं सांगितलं होतं. मग केस जातात कुठे? मी तिला विचारलं, ‘शेवटचं ट्रिम कधी केलंत?’ ती म्हणाली, ‘मधूनमधून करते. फार नाही, फक्त सरळ करून घेते.’ मधूनमधून म्हणजे किती, ते तिला आठवेना. पार्लरचे पैसे ती फोनवरूनच देते, म्हणून तिथेच बसून तिने व्यवहारांची यादी काढली. पार्लरचं नाव टाकून शोधलं आणि एकेक तारीख कागदावर उतरवली. दोन वर्षांत सोळा नोंदी. सरासरी दर दीड महिन्याला एक.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. कुणाचे किंचित जास्त, कुणाचे किंचित कमी. दीड महिन्यात दीड सेंटिमीटर. आणि ‘फक्त सरळ करून’ घेताना दर वेळी तेवढेच जात होते. तिने कागदावर हिशेब मांडला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे वाढत होते. मीच कापत होते.’ तिच्या आवाजात अपराधीपणा होता. तो तिथेच थांबवणं मला गरजेचं वाटलं. ती निष्काळजी नव्हती, अधीर स्वभावाचीही नव्हती. पाचवीच्या पोरांना भागाकार शिकवणाऱ्या बाईला धीर नाही असं कोण म्हणेल? तिच्या बाबतीत वेगळंच काहीतरी चाललं होतं.

मी तिला आठवडाभर एकच काम दिलं: केसांचे शेंडे जेव्हा जेव्हा बघाल, तेव्हा एक उभी रेघ मारायची. रेघा मोजल्यावर ती स्वतःच चमकली. सकाळी विंचरताना, स्टाफरूमच्या आरशात, स्कूटरच्या आरशात, दुकानाच्या काचेत, रात्री फोनच्या कॅमेऱ्यात. प्रत्येक वेळी बघायचं ते खात्री करून घ्यायला, आणि बघून झालं की शंका वाढलेली. अगदी जवळून आणि खूप वेळ बघितलं की कुठलीही गोष्ट वाकडीच दिसायला लागते. चेहऱ्याचं तेच, केसांचंही तेच. शंका असह्य झाली की पार्लर. तिथून बाहेर पडल्यावर एक-दोन दिवस फार हलकं वाटायचं. तो हलकेपणा खरा असतो, आणि म्हणूनच तो फसवतो. कापलं की बरं वाटतं हे मन शिकतं, आणि पुढच्या वेळी कात्री लवकर आठवते.

आणखी एक गोष्ट तिच्या फोनमध्ये सापडली. शेंड्यांचे फोटो ती स्वतःच काढायची, उजवा हात मागे वर नेऊन. मी तिला माझ्यासमोर तसा फोटो काढायला सांगितला. हात वर गेला, उजवा खांदा उचलला गेला, मान डावीकडे कलली. फोटोत उजवी बाजू चांगली दोन बोटं वर दिसत होती. मग तिला भिंतीपाशी सरळ उभं केलं, हात खाली, नजर समोर, आणि मी फोटो काढला. फरक होता, पण जेमतेम. तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून मोठे करून बघितले. त्यात तिचे केस नागमोडी. असे केस ओले असताना सरळ कापले तरी वाळल्यावर एक बट जास्त आखडते, एक कमी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडे पुन्हा वर-खाली. एकदा ती चार दिवसांतच पार्लरला परत गेली होती, ती यामुळेच.

जो थोडा फरक उरला होता, त्याबद्दलही बोललो. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि प्रत्येकाचं वय वेगळं. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग गळतो, त्याच जागी नवा येतो. त्यामुळे लांब केसांचे शेंडे मुळाशी असतात तेवढे दाट कधीच नसतात. श्वेताच्या बाबतीत तर आजारानंतर एकदम पुष्कळ केस गळले होते आणि नंतर पुन्हा उगवले होते. कपाळाजवळ आणि भांगाच्या कडेने उभे राहणारे, वेणीतून सुटणारे आखूड केस ज्यांना ती ‘तुटके’ समजत होती, ते बहुतेक नवे होते. तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा चिरलेलं असतं, नव्या केसाचं निमुळतं. भिंगातून बघितल्यावर तिला ते स्वतःला ओळखता आलं.

मग मी तिला निवड करायला सांगितली: आधी लांबी हवी की आधी सरळ रेघ? स्टेप कट वाढवताना दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. सरळ रेघ हवी असेल तर खालची लांबी तिथेच रोखून वरच्या आखूड बटांना खाली येऊ द्यावं लागतं, आणि त्यांना दहा सेंटिमीटर अंतर कापायचं असेल तर दहा महिने लागतात. लांबी हवी असेल तर शेंडे काही काळ वर-खाली राहणार. श्वेताची पार्लरवाली तर दर वेळी स्टेप पुन्हा ‘सेट’ करून देत होती, म्हणजे दोन्हीपैकी काहीच घडत नव्हतं. श्वेता म्हणाली, ‘मला वेणी हवी. एकच, पाठीवर पडणारी.’

का, हे सांगताना तिचे डोळे भरून आले. लहानपणापासून ती ‘लांब केसांची’ म्हणून ओळखली गेली होती. शाळेत लाल रिबिनीच्या दोन वेण्या, कॉलेजात शेपटा, लग्नात खोपा भरायला गंगावन लागलंच नव्हतं. कापल्यानंतर प्रत्येक हळदीकुंकवाला कुणी ना कुणी म्हणायचं, ‘अगं, केसांचं काय केलंस हे!’ गेलेल्या केसांचा शोक तिने कधी केलाच नव्हता, कारण डेंग्यूतून जीव वाचला असताना केसांसाठी रडायचं कसं? घरात तर तिने हा विषयच काढला नव्हता. त्या तासात ती मोकळेपणाने रडली. मला वाटतं, आमच्या सगळ्या भेटींत हा तास सगळ्यात महत्त्वाचा ठरला. मन एका गोष्टीसाठी व्याकुळ असताना तिची वाट बघणं सोपं नसतं, आणि त्या व्याकुळतेला आधी जागा द्यावी लागते.

त्यानंतर ठरवलं ते साधं होतं. पुढचं ट्रिम तारखेवर, मनःस्थितीवर नाही. ती तारीख दसऱ्यानंतरची, आणि कापायचं एक सेंटिमीटर, फाटे फुटलेत तेवढंच. ट्रिम केल्याने केस भरभर वाढतात ही समजूत चुकीची आहे, वाढ मुळाशी होते, शेंड्याला कात्री लागल्याचं मुळाला कळत नाही. पण फाटलेलं टोक वरपर्यंत चिरत जातं, म्हणून अधूनमधून थोडं कापणं योग्य. फोटो महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, त्याच भिंतीपाशी, आडव्या रेघांचा टी-शर्ट घालून, म्हणजे लांबी कुठल्या रेघेपर्यंत आली ते कळतं. फोटो नवऱ्याने काढायचा, त्याच्याच फोनमध्ये ठेवायचा आणि तीन महिने दाखवायचा नाही. शाळेत जाताना केस बांधूनच: अंबाडा, समोरच्या बटांना आकडे. कापावंसं वाटलं की वीस मिनिटं थांबायचं आणि हात कशात तरी गुंतवायचे. ओढ एकदम वर चढते आणि, तिला काहीच दिलं नाही तर, आपोआप उतरते. हे तिने स्वतः अनुभवावं अशी माझी इच्छा होती.

‘केसांचं काय केलंस’ याचं उत्तरही आम्ही तयार केलं: ‘डेंग्यूत गेले होते, परत येताहेत.’ ती हे वाक्य दोन-तीनदा मोठ्याने म्हणाली. नंतर तिने सांगितलं की हे ऐकल्यावर लोक बहुधा आपापल्या आजारांविषयी बोलायला लागतात.

घरातून सगळ्यात चांगली साथ सासूबाईंनी दिली. त्या दर शनिवारी खोबरेल तेल लावून द्यायला लागल्या. (खोबरेल तेलाने केस वाढत नाहीत, पण केसातली प्रथिनं धुताना कमी निघून जातात असं २००३ सालच्या एका भारतीय अभ्यासात दिसलं होतं.) तेल लावताना त्या म्हणायच्या, ‘कायची घाई आहे वं पोरी एवढी?’ श्वेताला आधी हे टोचायचं, पुढे बरं वाटायला लागलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रात्री तिने स्वयंपाकघरातल्या कात्रीने डाव्या बाजूची एक बट कापली. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, ‘सगळं वाया गेलं.’ बट केवढी कापली विचारलं, तर दीड सेंटिमीटर. म्हणजे फार तर त्या एका बटेचा दीड महिना. मी तिला दसऱ्याची तारीख न बदलता तशीच पुढे जायला सांगितलं. एका रात्रीसाठी अख्खी योजना मोडायची नसते, आणि असं झालं की सहसा आपण नेमकं तेच करतो.

इथे एक सावधगिरी. आरशात बघण्यात रोज तासाभराहून अधिक वेळ जात असेल, केसांमुळे शाळा-कॉलेज-नोकरी टाळली जात असेल, किंवा हात नकळत केस उपटत असतील, तर ते एकट्याने निस्तरायचं काम नाही. त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सुरुवात म्हणून टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. आणि टक्कल पडल्यासारखे गोल चट्टे दिसत असतील, किंवा गळती सहा महिन्यांच्या पुढेही सुरूच असेल, तर समुपदेशकाआधी त्वचारोगतज्ज्ञ.

मेमध्ये पहिले तीन फोटो एकत्र बघितले होते, तेव्हा श्वेताला फरक दिसला नव्हता आणि ती हिरमुसली होती. तीन सेंटिमीटर म्हणजे टी-शर्टवरच्या दीड रेघा, ते पटकन डोळ्यांत भरत नाही. ऑगस्टमध्ये दिसला. दसऱ्यानंतर ठरल्याप्रमाणे ती पार्लरला गेली, वाळलेले केस घेऊन गेली आणि ‘सेट करू नका, खालून एक सेंटिमीटर’ असं आधीच सांगितलं. पुढची तारीख तिने मला न विचारता स्वतःच ठरवली, होळीनंतरची. शेंडे अजून वर-खाली आहेत. वेणी मात्र घालता येते, आखूड, आणि कानामागच्या बटा सुटतात त्यांना ती आकडे लावते.